वेचणी होईस्तोवर

मी केनियाला निघाले त्या सकाळी आमच्या शेतात राब भाजणं चाललं होतं. भाताची रोपं जिथं टाकायची, ती जमीन शेण-पालापाचोळा पसरून भाजून काढतात. टॅक्सी दारात आली तसे माझे वडील, आबा, बांधावरून थेट आले. हात काजळीनं काळे. माझ्या कोऱ्या कपड्यांना डाग लागेल म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं नाही. नुसते म्हणाले, "चिखलात वाढलेली पोर तू. कापूस कुटं बघितलास?"

खरंच होतं ते. आमच्या मावळात बेगडेवाडी स्टेशनाच्या अलीकडं-पलीकडं सगळा भाताचा मुलूख. कापूस मी शिकले तो कृषी महाविद्यालयात, आणि मग पुण्यातल्या बियाण्यांच्या कंपनीत. त्याच कंपनीनं मला तिकडं धाडलं होतं, बंद पडलेली कापूसशेती पुन्हा उभी करायला.

व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या त्या गावांत एके काळी घरोघर पाम्बा व्हायचा. पाम्बा म्हणजे कापूस. जिनिंग मिल बंद पडली आणि लोक मक्याकडं वळले. आता मिल दुरुस्त होत होती, पण कापूस लावायला कुणी राजी नव्हतं. मी मीटिंगा घ्यायचे, लोक चहा पिऊन हसत उठून जायचे. शेवटी मामा अकिन्यी नावाची एक विधवा बाई पुढं झाली; तिकडं मोठ्या बायांना मानानं 'मामा', म्हणजे आई, म्हणतात. तिनं एकच विचारलं, "अळी पडली तर तू इथं असशील?"

मी हो म्हटलं. तिनं अर्ध्या शांबात, म्हणजे शेतात, मक्याऐवजी कापूस लावला. तिच्या सुना माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पीक गेलं तर त्यांच्या घरात वर्षाचा मका कमी पडणार होता.

वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तिकीट काढलं, सगळ्यांसाठी तिकडची रंगीत कापडं घेतली. आणि निघायच्या आठवड्यात अकिन्यीच्या कापसावर बोंडअळी दिसली.

मी घरी फोन केला. आई रडायला लागली. आबांनी फोन घेतला, सगळं ऐकून घेतलं.

"तिला पेरायला कुणी सांगितलं?"

"मीच."

"मंग वेचणी होईस्तोवर हलायचं न्हाई. लग्नाला मानसं लय हायत."

लग्न मी मोबाईलवर पाहिलं, कापसाच्या सरीत उभं राहून. मंगलाष्टकं चालू असतानाच नेटवर्क गेलं. मी फोन खिशात टाकला आणि अकिन्यीसोबत किडलेली बोंडं वेचून जाळायला लागले. लग्नाचं तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तिची थोरली सून माझ्यासाठी उकडलेली कणसं घेऊन आली.

बराचसा कापूस वाचला. मिल सुरू झाली त्या दिवशी अकिन्यी कापसाचा पांढरा धुरळा केसांवर घेऊन मिलच्या दारात नाचली. पुढच्या हंगामात शेजारच्या वाड्यांनी आपणहून बियाणं मागितलं. मी तिथंच राहिले.

तुम्ही गावाकडचे विचारता, कायमची कधी येणार? आणि माझ्यासारखे बाहेर गेलेले विचारतात, करमतं का? 

गेल्या आषाढात रजेवर आले. भुशी धरणाकडं सहलीला निघालेल्या गाड्यांच्या रांगेत अडकून संध्याकाळी घरी पोचले. आमच्या खालची शेतं आता बंगल्यांची झालीत, आमचं तेवढं राहिलंय. सकाळी लावणीला उतरले. कमरेची सवय मोडली होती, पण वहिनीच्या बरोबरीनं रोपं लावत गेले. बांधावरून जाणाऱ्या एका मावशींनी आबांना विचारलं, "पोरगी आली व्हय? आता ऱ्हाणार का हितंच?"

आबांनी वर न बघताच सांगितलं, "न्हाई वो. तिकडं तिचा कापूस फुटायला आलाय. चार दिसांनी जाईल माघारी."

माघारी. आजवर हा शब्द आमच्यात फक्त मावळात येण्यासाठी होता. मी चिखलात तशीच वाकून राहिले, डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते.