पंचाच्या खुर्चीची चौकशी

धुळ्यातल्या आमच्या बॅडमिंटन क्लबात मी सचिव होतो, तेव्हाची ही गोष्ट. क्लब म्हणजे पत्र्याच्या छताचा एक हॉल, दोन कोर्टं आणि पन्नासेक सभासद. भांडणं व्हायची, पण बाहेरच्या टपरीवर चहा येईपर्यंत मिटायची. त्या रविवारचं मिटलं नाही.

क्लबातल्याच स्पर्धेत दुहेरीचा सामना चालू होता. माझा जोडीदार साक्रीकडचा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा. दिलदार गडी, पण तोंडाचा फटकळ. बरीच वर्षं आम्ही एकत्र खेळत होतो. पंचाच्या उंच खुर्चीत आमचे अध्यक्ष बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना नाना म्हणत. रेषेवर पडलेलं शटल नानांनी बाहेर दिलं. जोडीदार तरातरा खुर्चीपाशी गेला आणि त्याने नानांना आईवरून शिवी दिली. मी पाठमोरा, शटल उचलायला वाकलेला. धाडकन आवाज आला म्हणून वळलो, तर खुर्ची आडवी आणि नाना फरशीवर. मनगट सुजलं होतं.

संध्याकाळपर्यंत क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालच लागून गेला. ‘काढून टाका’, ‘असल्यांना थारा नको’, आणि खाली अंगठ्यांची रांग. मग नानांचा फोन आला.

“उद्याच ठराव करा. सभासदत्व रद्द.”

“नाना, त्याचं म्हणणं?”

“सगळ्या हॉलने पाहिलंय. म्हणणं कसलं ऐकताय?”

आमच्या नियमावलीत याबद्दल एकच वाक्य होतं: गैरवर्तन करणाऱ्याचं सभासदत्व समिती रद्द करू शकेल. त्याला आधी विचारायचं की नाही, समितीत कुणी बसायचं, काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नानांच्या घरी गेलो.

“तक्रार तुमची आणि निकालही तुम्हीच देणार, हे बरं दिसत नाही,” मी म्हणालो. “मीही त्याचा जोडीदार. आपण दोघं बाजूला होऊ. समितीतले बाकीचे तिघं बसतील.”

नानांनी पट्टी बांधलेलं मनगट मांडीवर घेतलं. मग म्हणाले, “बँकेत माझ्यावर एकदा खातेनिहाय चौकशी लागली होती. सुटलो. पण माझ्यावर आरोप काय आहे, हे निदान लेखी मिळालं होतं. द्या त्यालाही लेखी.”

नोटिशीत मी दोन आरोप वेगवेगळे लिहिले: शिवी दिली, आणि खुर्ची ढकलली. उत्तराला आठवडाभर मुदत. सोबत कुणाला आणायचं असेल तर आणावं, साक्षीदारांना प्रश्न विचारावेत, निकाल पटला नाही तर सर्वसाधारण सभेकडे जावं. नोटीस मी स्वतःच त्याच्या दुकानात नेऊन दिली.

त्याने उभ्या उभ्या वाचली. “भाऊ, हाई काय शे?”

“तुला तुझी बाजू मांडता यावी म्हणून आहे.”

“निकाल देवाले तू बसशी ना?”

“नाही. मी फक्त साक्ष देणार.”

“मग सांग त्यास्ले, मी खुर्ची ढकलली नाही.”

“मी पाहिलंच नाही रे.”

त्याने नोटीस घडी करून खिशात घातली आणि माझ्याकडे पाठ करून मशीन सुरू केलं.

मुदत संपल्यावरच्या रविवारी क्लबाच्या ऑफिसात तिघं बसले. प्रमुख होत्या आमच्या एक सभासद, पेशाने दंतवैद्य. नानांचं सांगून झाल्यावर मला बोलावलं.

“ढकलताना पाहिलंत?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“त्याने ढकलली नाही, हे पाहिलंत?”

“तेही नाही. शिवी मात्र ऐकली.”

जोडीदाराला प्रश्न विचारायची मुभा होती. तो म्हणाला, “इतकी वर्षं सोबत खेळतोस. मी असं करीन?”

“करशील असं वाटत नाही. पण पाहिलं नाही.”

त्याने मान खाली घातली. माझी साक्ष संपली. बाहेर येऊन बाकावर नानांशेजारी बसलो. नाना डाव्या हाताने चहा पीत होते. आत काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ग्रुपवर ‘मी पाहिलं’ असं लिहिणारे बहुतेक जण माझ्यासारखेच आवाज झाल्यावर वळले होते, हे तिघांनी विचारल्यावर उघड झालं; मला ते नंतर निकालातून कळलं. पलीकडून खेळणाऱ्या एकाने मात्र नीट पाहिलं होतं. नानांच्या तोंडासमोर जाऊन भांडायला जोडीदार खुर्चीच्या पायरीवर चढला आणि त्याच्या वजनाने ती कलंडली.

तिघांनी कारणांसह निकाल दिला. शिवी सिद्ध. खुर्ची मुद्दाम पाडली हे सिद्ध नाही, पण बेफिकिरी नक्की. तीन महिने खेळायला बंदी आणि नानांची समक्ष माफी मागायची.

“कमी आहे,” नाना म्हणाले.

“सभेकडे तुम्हीही जाऊ शकता,” मी म्हणालो.

ते गेले नाहीत. उलट वार्षिक सभेत ही सगळी पद्धत नियमावलीत घालायचा ठराव त्यांनीच मांडला.

जोडीदाराने नानांच्या घरी जाऊन माफी मागितली. बंदी संपल्यावर तो परत आला, पण दुहेरीला दुसऱ्याबरोबर उतरला. काही दिवसांनी हॉलबाहेरच्या नळावर आम्ही दोघंच होतो. तोंड पुसत तो म्हणाला, “नोटीस बराबर व्हती भाऊ. तुन्हं बोलनं लागनं माले.”

“तुला लागलं, हे मला ठाऊक आहे,” मी म्हणालो.

आता आम्ही एकमेकांविरुद्ध खेळतो. सामना संपला की हात मिळवतो, चहाही घेतो. पुन्हा जोडीने खेळू या, असं अजून दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नाही.