क्ले बारला लूमचं तेल

शाम्पूचं पाणी म्हणे वंगण! ते ऐकूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी निजामपुऱ्यात यंत्रमागांवर जॉबर आहे, म्हणजे लूम अडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. तीस वर्षं झाली. कुठला भाग कोरडा घासतोय हे मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगतो. अशा माणसाला त्याच्याच घरात वंगण शिकवायचं? आणि कोणी, तर माझ्याच पोरीने, मोबाइल बघून.

गाडी तिची होती. स्वतःच्या कमाईने घेतलेली, जुनी, पांढरी, पिवळ्या पाटीची. खारबाव स्टेशनला उतरणाऱ्या बायकांना मानकोलीच्या गोदामात सोडायचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि त्याला आणखी एक गाडी हवी होती. शनिवारी दुपारी चारला तो घरी येऊन गाडी बघणार होता. नोकरी सुटल्यापासून पोरगी आठ महिने घरात बसून होती. हे काम हुकलं तर गाडी विकून टाकायची, असं तिने आम्हाला सांगितलं होतं.

अडचण रंगाची होती. आधीच्या मालकाने गाडी वर्षानुवर्षं सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या चिमणीखाली उभी केलेली. राखेचे कण रंगात रुतून बसले होते. कितीही धुवा, पत्र्यावर हात फिरवला की खरखर लागायची. त्यावर तिने क्ले बार आणला. साबणाच्या वडीएवढा, चिकणमातीसारखा गोळा. ओल्या पत्र्यावर तो घासायचा, की रुतलेली घाण तो ओढून घेतो. पण खाली काहीतरी बुळबुळीत हवं, नाहीतर रंगावर ओरखडे पडतात. त्यासाठी दुकानात फवाऱ्याची बाटली मिळते, ती गोळ्यापेक्षा महाग.

"बाटली न्हाय घेतली," पोरगी म्हणाली. "बादलीभर पाण्यात दोन झाकणं गाडीचा शाम्पू, बस."

"भांड्याचा साबण आहे की घरात," तिची आई म्हणाली.

"तो रंगावरचं पॉलिश उतरवतो, आई."

सगळं पाठ!

"अगं, पाणी ते पाणी," मी म्हणालो. "सुकलं की संपलं. तीस वर्षं लोखंडावर लोखंड फिरवतोय मी, पाण्यावर फिरवलं का कधी?"

"बाबा, हा लूम न्हाय."

"मला शहाणपणा शिकवू नको."

ती गोळा उचलून आत गेली. तिच्या त्या वाद न घालण्याचा मला आणखी राग आला.

शनिवारी सकाळी ती कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला गेली. जाताना शाम्पूच्या पाण्याची बादली भरून ठेवली आणि म्हणाली, "मी आल्यावर करते, तुम्ही हात लावू नका." हात लावू नका! मला! ती कोपऱ्यावर वळली आणि मी बादली मोरीत ओतली. लूमचं तेल आमच्या घरात असतंच. पातळ, पांढरं, कापडावर पडलं तरी धुतल्यावर जातं. शिवाय फुकटचं. याहून स्वस्त वंगण कुठलं आणायचं? बॉनेटवर सढळ हाताने ओतलं आणि गोळा फिरवायला घेतला.

पहिले दोन हात लोण्यासारखे गेले. "बघ, बघ!" म्हणून मी बायकोला बाहेर बोलावलंसुद्धा. तिसऱ्या हाताला गोळा मऊ पडला. चघळलेल्या च्युइंगमसारखा बोटांना चिकटायला लागला आणि पत्र्यावर राखाडी पट्टे उठले. मला वाटलं तेल कमी पडतंय. आणखी ओतलं. जॉबरची सवयच ती, अडलं की तेल. गोळ्याचा पार लगदा झाला. नेमके तेव्हाच समोरच्या कारखान्यात लूम झाडायला घेतले. कापसाचा तूस आमच्या गल्लीत रोजच उडतो, पण त्याला बसायला असा तेलकट पत्रा कधी मिळाला नव्हता. दहा मिनिटांत बॉनेटला दाढी फुटली. बायको आत निघून गेली.

भेसळीचा माल, दुसरं काय! लगदा फडक्यात गुंडाळला आणि तडक दुकानात गेलो. दुकानभर गिऱ्हाइकं होती, तरी आवाज चढवलाच. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, फडकं उघडलं, नाकाला लावलं.

"चाचा, इसमें तेल लगाया क्या?"

"लगाया तो?"

"तेल से ये गल जाता है. पाकीट पे लिखा है. आपकी बेटी ने यहीं खड़े होके पूरा पढ़ा था."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. त्याला मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी येईपर्यंत दुकानदाराला, त्या हसणाऱ्याला, पाकिटावर बारीक अक्षरात छापणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

पोरगी आली होती. बाह्या वर करून भांड्याच्या साबणाने तेल काढत होती. त्याला तोच साबण लागत होता. अडीच वाजले होते. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, मी तयारीतच आलो होतो. ती बॉनेट घासत राहिली.

"गोळाच संपला," मीच म्हणालो. "आता काय करणार?"

तिने हात पुसले, पर्स उघडली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गोळ्याचा तुकडा काढला. कोरा करकरीत.

"अर्धा कापून ठेवला होता."

"कधी?"

"आणला त्याच दिवशी."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तोही वापरला असता."

आवाजात राग नव्हता. स्टेशनला जाणारी एसटी किती वाजता आहे हे सांगावं तसं तिने सांगितलं. मग शाम्पूचं नवीन पाणी केलं आणि कामाला लागली. मी पाणी आणून देतो म्हणालो तर म्हणाली, "नको बाबा, तुमच्या हाताला तेल आहे."

चारला ठेकेदार आला. बॉनेटवरून तळवा फिरवला, दारांवरून फिरवला, म्हणाला, "सोमवार से आ जाओ." बायकोने त्याच्या हातावर साखर ठेवली. पोरगी हसली, आठ महिन्यांनी.

मी पायरीवर बसून होतो. कॉलेजचा फॉर्म तिने भरला ते मला नंतर कळलं. गाडी शिकली ते लायसन्स हातात आल्यावर कळलं. प्रत्येक वेळी मी घर डोक्यावर घेतलं, की माझ्यापासून का लपवलं? आजवर तिने माझ्यापासून आणखी काय काय अर्धं कापून ठेवलंय, ते मी विचारलेलं नाही. तिच्या तोंडून ऐकून घ्यायची माझी हिंमत होत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.