शेवटच्या प्रकरणातली डाळ

हे गुरुवारी गेले. दुपारी दुकान बंद करून जेवायला येणार होते. शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. मी गॅस बंद केला आणि निघाले.

आमचं कापडाचं दुकान गेवराईच्या बाजारपेठेत. सासू-सासरे फाळणीनंतर सिंधमधून आले, काही काळ छावणीत राहिले आणि कुणाच्या तरी ओळखीने इथे पोचले. गावात आमच्या घराला अजून ‘निर्वासितांचं घर’ म्हणतात. त्यात वाकडं काही नसतं, पत्ता सांगायला सोपं पडतं इतकंच. हे इथेच जन्मले, मराठी शाळेत शिकले आणि मराठीत कादंबऱ्या लिहू लागले. मी चकलांब्याच्या शेतकरी घरातली, पेशाने शिक्षिका.

प्रकरण लिहून झालं की हे दुपारी दुकानात आईला ते वाचून दाखवत. त्या वेळी गिऱ्हाईक नसे. सासूबाई गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालत ऐकायच्या. त्यांची मराठी बाजाराला येणाऱ्या बायांकडून उचललेली होती. एका प्रकरणात एक मुलगा रागाने घर सोडतो.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. “हा कावून चालला?”

“भांडण झालंय, अम्मा.”

“झालं तर झालं. जेवला का?”

“रागात कोण जेवतं?”

“मग राग उद्या येऊ दे. आज जेवू दे त्याला.”

मुलगा जेवला आणि मग गेला. पुढे यांच्या कादंबऱ्यांत कुणीच उपाशी घराबाहेर पडलं नाही. एक चोरसुद्धा भाकरी बांधून निघतो. असं का, हे सासूबाईंनी कधी सांगितलं नाही. सिंधमधून निघाले त्या दिवशी डाळ चुलीवर होती, एवढंच म्हणायच्या. पुढचं विचारलं की दुसरी साडी हातात घ्यायच्या.

पहिल्या दोन पुस्तकांची फारशी दखल कुणी घेतली नाही. तिसऱ्याला मोठा पुरस्कार मिळाला. बीडला सत्कार झाला, तेव्हा आम्ही दोघी पुढच्या रांगेत होतो. वक्ते म्हणाले, या लेखनात भाकरी हे मुळांचं प्रतीक आहे. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं.

“काय म्हणतो हा?”

“भाकरीला अर्थ आहे म्हणतात.”

“अर्थ कशाला? भूक लागती.”

त्या गेल्यावर यांनी सिंधमधून निघण्याची गोष्ट लिहायला घेतली. आता ऐकायला मी होते. मी बहुतेक वेळा ‘छान झालंय’ म्हणायची आणि ते त्यांना पुरत नसे. शेवटच्या प्रकरणात घरातली माणसं तिन्हीसांजेला निघतात. डाळ चुलीवर राहते. कुणी जेवत नाही.

“दोन घास खाऊ द्या की त्यांना,” मी म्हटलं.

“अम्मा हेच म्हणाली असती.”

“मग?”

“म्हणून तर अजून पाठवलं नाही.”

ती पानं त्यांनी गल्ल्यामागच्या कपाटात ठेवली. पुढचा गुरुवार तोच होता, हे गेले तो.

महिन्याभराने प्रकाशकांचा फोन आला. मी पानं काढली. एका वाक्याचं काम होतं: निघण्याआधी सगळ्यांनी ताटं वाढून घेतली. मी ते वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं. वाक्य बरं होतं. सासूबाईंना चाललं असतं. मलाही ती माणसं जेवून जायला हवी होती.

दुपारी मी दुकानात बसून प्रकरण मोठ्याने वाचत होते. यांनी लिहिलं होतं तसंच. माझ्या माहेरची एक बाई ब्लाऊजपीस घ्यायला आली आणि ऐकत पायरीवर टेकली. वाचून झाल्यावर तिने विचारलं,

“आन् त्या डाळीचं काय झालं?”

“माहीत नाही.”

“करपली असंल,” ती म्हणाली. मग उठून पीस उजेडात धरून रंग पाहू लागली.

माणसं जेवली असती तर तिने डाळीचं विचारलं नसतं. मी माझा कागद बाजूला ठेवला आणि पानं होती तशी पाठवून दिली.

पुस्तक आता छपाईला गेलं आहे. दुकान फक्त बाजाराच्या दिवशी उघडतं. घरी मी एकटीच असते. जेवून मगच बाहेर पडते.