सिग्नलवरची जपमाळ

सिडनीला उतरले आणि पहिल्या अर्ध्या तासातच माझा खुरीस (क्रूस) गेला. झावळीचा हो. झावळ्यांच्या रविवारी आमच्या वसईच्या चर्चमध्ये आशीर्वादित झावळ्या मिळतात, त्यांचे छोटे खुरीस विणून आम्ही घरच्या क्रुसामागे खोचतो. नेल्सनच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, नव्या घरासाठी एक रुमालात गुंडाळून नेला होता. फॉर्मवर खरं ते लिहिलं. तपासणीवरची बाई गोड बोलली, पण म्हणाली, "सॉरी लव्ह, सुकलेलं पान आत नेता येत नाही."

"मग काय करणार त्याचं?"

"जाळून टाकतो."

म्हटलं, मग ठीक. आम्हीही जुने खुरीस फेकत नाही, राखेच्या बुधवारी कपाळाला लावायच्या राखेसाठी जाळतोच. केराच्या डब्यात नाही गेला, एवढं समाधान.

तिथून गाडीने वॉलॉंगॉंग. एका अंगाला हिरव्या डोंगराची भिंत, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि पुढे पोलाद कारखान्याची धुराडी. नेल्सन तिथेच रात्रपाळीला. सून ज्योती हॉस्पिटलात नर्स, तिच्या ड्युटीचाही नेम नाही. नात रिया आठ वर्षांची. तिच्या पहिल्या कम्युनियनसाठीच, म्हणजे चर्चमध्ये ती पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणार होती त्यासाठीच, मी गेले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता हातपाय धुऊन जपमाळ घेऊन बसले. कोणी येईना. ज्योती स्वयंपाकात, नेल्सन कपडे चढवतोय. रियाला हाक मारली, तर "आजी, आय हॅव होमवर्क!" एकटीनेच म्हटली. जेवायला ज्योतीने बारामुंडी मासा आपल्या चिंचेच्या आंबटात केला होता, चांगला झाला होता, पण मला घास जाईना. शेवटी बोललेच, "पांढरा फ्रॉक घातला की कम्युनियन होत नाही रे नेल्सन. घरात प्रार्थना नाही, पोरीला देव कोण दाखवणार? मी मेल्यावर?"

तो डबा उचलून निघाला. "आई, जरा सकाळी उठत जा," एवढंच म्हणाला. मला राग आला. विमानाने झोप उलटीपालटी झालेली, त्या दिवशी दहा वाजता उठले होते, तर हा मला टोमणा मारतो!

तिसऱ्या दिवशी हट्टाने सहाला उठले. पाळी संपवून आलेला नेल्सन रियाला शाळेत सोडायला निघाला, तशी मीही गाडीत बसले. पहिल्याच चौकात लाल दिवा लागला. आणि मागून आवाज आला, "नमो मारिया..." जपमाळेचीच प्रार्थना, तीही मराठीत! उच्चार इंग्रजाळलेले, पण एक शब्द गाळला नाही. उरलेली अर्धी नेल्सनने जांभई देत पुरी केली.

"रेड लाइट मीन्स वन, आजी," रिया बोट दुमडत म्हणाली.

"आणि शाळेपर्यंत माळेच्या एका टप्प्याच्या दहा झाल्या नाहीत तर?"

"देन डॅडी गोज अराउंड द ब्लॉक. वी वेअर लेट ट्वाइस!"

त्या दिवशी नऊच झाल्या. फाटकाशी थांबून दहावी आम्ही तिघांनी म्हटली. मग रिया उतरली, नेल्सनच्या खिडकीशी आली, हात जोडून म्हणाली, "आशीर्वाद, डॅडी." वसईला जपमाळेनंतर हा असाच माझ्यापुढे हात जोडून उभा राहायचा, एक डोळा कैरीच्या फोडींवर ठेवून. मग ती माझ्या खिडकीशी आली. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला रडूच आलं.

"घरात आम्ही एका वेळी असतोच कुठे, आई," नेल्सन म्हणाला. "गाडीत असतो."

"मग काल बोलला का नाहीस?"

"तू बोलू दिलंस कुठे?"

कम्युनियन छान झालं. नंतर समुद्राकाठच्या बागेत सगळ्यांनी सॉसेज भाजले, मी दोन खाल्ले. छातीवरचा धोंडा उतरला की भूकही लागते बाई.

परत येताना मुंबई विमानतळ ते वसई, टॅक्सी चौकाचौकात अडकत होती. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

"काय पुटपुटताय, आजी? वैतागलात ना या सिग्नलांना?"

"छे रे," म्हटलं, "अजून चार लागू देत. सहाच झाल्यात."