बोटीतली बारावी जागा

सिंगापूर बेटाचा शोध कोणी लावला याबद्दल इतिहासाची पुस्तकं काहीही सांगोत. ते खऱ्या अर्थाने शोधून काढलं माझ्या चुलतसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या काकांनी, आणि तेही एका वेळी फक्त दहा माणसांसाठी. खोटं वाटत असेल तर नाशिक, कऱ्हाड, डोंबिवली इथल्या कुठल्याही आजी-आजोबांना विचारा, जे त्या काळात मुलाकडे दोन-तीन महिने राहून आले. म्हणजे सार्स ओसरला होता, समुद्राकाठचे कॅसिनो अजून व्हायचे होते, त्या वर्षांत. त्यांना पाणी ओकणारा, सिंहाच्या तोंडाचा तो जगप्रसिद्ध माशाचा पुतळा पाहिलात का म्हणून विचारलं तर ते म्हणतील, "हो, लांबून. काका म्हणाले, नळ गळतोय, पुढे चला." पण पासिर रिस या उपनगरातल्या कुठल्या इमारतीच्या कितव्या मजल्यावरून वाळत घातलेली लुंगी उडून खालच्या चिनी आजोबांच्या बुद्धिबळाच्या पटावर पडली आणि त्यामुळे कोणाचा वजीर वाचला, ते मात्र पाठ असेल.

काका पासिर रिसला बावीस वर्षं एकटे राहिले. एका जहाज कंपनीत विम्याचे दावे तपासण्याची त्यांची नोकरी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा पकडल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या थापेत एकही भोक नसे. काकू सांगलीला. त्या तिथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळी सांगली त्यांना 'मोठ्या बाई' म्हणते आणि काकाही त्यांच्यामागे तेच म्हणत. वर्षातून एकदा काका तिकडे जात. मोठ्या बाई इकडे एकदाच आल्या होत्या. आठ दिवस राहिल्या आणि विमानतळावर निकाल देऊन गेल्या, "छान आहे हो तुमचं सिंगापूर. नुकत्याच पुसलेल्या दवाखान्यासारखं. पण दवाखान्यात कोणी राहायला जातं का?"

हे वाक्य काकांच्या काळजात रुतलं. ते निवृत्त झाले तेव्हा बाईंच्या निवृत्तीला तीन-चार वर्षं बाकी होती. त्यानंतर बाईंनी इथे यावं आणि दोघांनी उरलेले दिवस पासिर रिसच्या त्या फ्लॅटमध्ये एकत्र काढावेत, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. त्यासाठी बाईंना एक दिवस असं फिरवायचं, की त्यांनी स्वतःहून म्हणावं, राहते. तो एक दिवस बिनचूक व्हावा म्हणून काकांनी तालमी सुरू केल्या. दर बुधवारी दहा आजी-आजोबा गोळा करायचे आणि बेट दाखवायचं. फुकट. त्यांना जी सहल वाटायची, ती रंगीत तालीम असायची.

सहलीचे नियम कडक होते. डबा आणायचा नाही, कारण दुपारी हॉकर सेंटर नावाच्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत जेवायचं. लिटिल इंडियाचं नाव काढायचं नाही. एका आजोबांनी काढलं तर काका ओरडले, "विमानात पाच तास बसून कोथिंबिरीची जुडी बघायला आलात?" पुढाऱ्याची खूण म्हणून इतर गाइड छत्री उंच धरतात, पण इथे छत्री पावसाला लागते, म्हणून काकांनी स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा झारा काढला, त्याला लाल रिबीन बांधली आणि तो उंच धरून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढू लागले. पहिल्या महिन्यात स्टेशनवरचा शिपाई संशयाने बघायचा. दुसऱ्या महिन्यात तो सलाम करायला लागला.

आणि माहिती! रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाला इथे नंबर आहे, हे खरं असावं. पण "झाडाला बरं वाटत नसलं तर त्याला दोन दिवसांची मेडिकल लीव्ह मिळते, त्या दिवसांत सावली मागायची नाही," हे काका सांगत तेव्हा सातारच्या एक आजी पटकन उन्हात सरकल्या होत्या. पाऊस रोज चारला येतो तो मलेशियाची परवानगी काढून. माझे वडील आयुष्यभर कोर्टात कारकून होते, उलटतपासण्या ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेले. ते सहलीहून क्लेमेंटीला आमच्या घरी परतले आणि मला म्हणाले, "तुझ्या चुलतसासऱ्यांचं एकही वाक्य पुराव्यात टिकणार नाही. पुढच्या बुधवारी माझं नाव परत घाल."

सहलीचा शेवट ठरलेला. चांगीच्या धक्क्यावरून छोट्या मोटरबोटीने पुलाऊ उबिन या चिमुकल्या बेटावर. ही बोट बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. दहा आजी-आजोबा आणि अकरावे काका. बाराव्या जागेवर काका खिशातून निळ्या फुलांची एक टिश्यूची पुडी काढून ठेवत, भाडं बारा जणांचं देत आणि म्हणत, "निघा." कोणी विचारलंच तर गंभीरपणे सांगत, "एक जागा समुद्रासाठी सोडायची असते. जुना रिवाज आहे." झालं! आपली माणसं रिवाज म्हटल्यावर थांबतात थोडीच? कोणी त्या जागेला नमस्कार करू लागलं, कोणी साखरफुटाणे ठेवू लागलं, आणि कोल्हापूरच्या एका मावशींनी पर्समधून डबी काढून पुडीला हळदीकुंकू वाहिलं.

शेवटी मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि जूनमध्ये पंधरा दिवसांसाठी आल्या. काकांचा मला फोन आला, "बुधवारी लीव्ह टाक. दोघंही या. बाकीचे आठ जण मी निवडलेत, सगळे अनुभवी. कुठे हसायचं, कुठे अहाहा म्हणायचं, त्यांना ठाऊक आहे."

सकाळ झकास गेली. आम्ही ठरल्या जागी हसलो, ठरल्या जागी अहाहा म्हणालो. बाई मात्र पर्यवेक्षणाला आल्यासारख्या हात मागे बांधून चालत होत्या. झाडाच्या मेडिकल लीव्हवर त्या एवढंच म्हणाल्या, "अर्ज कोण लिहितं?" काकांच्या कपाळावर घाम आला, पण ते डगमगले नाहीत. त्यांचा हुकमी एक्का दुपारी होता.

तो एक्का म्हणजे टिश्यूची पुडी. ऑफिसांच्या भर वस्तीतल्या हॉकर सेंटरमध्ये साडेबाराला मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. इथली माणसं काय करतात, रिकाम्या टेबलावर टिश्यूची पुडी ठेवतात आणि निवांत जेवण आणायला जातात. ती पुडी बघून दुसरं कोणी तिथे बसत नाही. काकांना या गोष्टीचं असं कौतुक, की त्यावर त्यांनी जेवणानंतरचं पंधरा मिनिटांचं भाषण बसवलं होतं. नेमकं भाषण नंतर होतं, तिथेच घात झाला. "तू इथे नुसती बस गं," असं बाईंना सांगून आम्ही सगळे ताटं आणायला रांगांत उभे राहिलो.

पण तीस वर्षं ज्या बाईने मधली सुट्टी संपल्यावर शाळेच्या मैदानावरून विसरलेले कंपास, स्वेटर आणि पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या, ती बाई नुसती बसेल? बाईंनी आजूबाजूला पाहिलं. टेबलामागून टेबल रिकामं, आणि प्रत्येकावर कोणीतरी काहीतरी विसरून गेलेलं! आम्ही परतलो तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत एकोणीस टिश्यूच्या पुड्या, तीन ऑफिसची ओळखपत्रं आणि एक छत्री जमा झाली होती. "अहो, काय वेंधळी माणसं ही तुमची!" त्या काकांना म्हणाल्या. "कोणाला म्हणून आपल्या वस्तूची काळजी नाही!"

पुढे गेली तसली पाच मिनिटं त्या बेटाने तोपर्यंत पाहिली नसतील. प्रत्येक टेबलाला दोन-दोन मालक उभे राहिले. एक मुलगी हातात वाफाळता बाउल घेऊन रडायच्या बेतात गोल गोल फिरत होती. टाय लावलेले एक गृहस्थ काकांना म्हणाले, "अंकल, हू टेक माय टिश्यू?" काकांनी झारा खाली केला. तीन वर्षांत तो झारा खाली झालेला मी प्रथमच पाहिला. माझ्या कानाशी ते पुटपुटले, "गेलं रे. सगळं गेलं. आता ही कशाला राहतेय इथे?"

काय घडलंय ते माझ्या बायकोने बाईंना समजावलं.  बाईंनी पदर खोचला, दोनदा टाळी वाजवली आणि शुद्ध मराठीत गर्जना केली, "रांग करा!"

आणि रांग झाली! सिंगापूरचा माणूस रांग दिसली की आधी उभा राहतो, ती कशाची आहे ते नंतर विचारतो. ज्यांचं काही हरवलं नव्हतं तेही उभे राहिले. बाई एकेकाला विचारत होत्या, "विच कलर? व्हॉट पिक्चर?" उत्तर बरोबर आलं की पुडी हातात. एकाने गुलाबीला लाल म्हटलं, त्याला परत मागे पाठवलं. टायवाले गृहस्थ पुडी घेऊन कमरेत वाकले आणि म्हणाले, "थँक्यू, टीचर." बाईंच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतरचं पहिलं तेज आलं. मला वाटलं, काका, जिंकलात!

संध्याकाळी आम्ही चांगीच्या धक्क्यावर आलो. दहा आम्ही, अकरावे काका, बाराव्या बाई. आज बोट खरोखरीची भरली होती. पण सवय वाईट. काकांनी बोटीत पाय टाकताच खिशातून निळ्या फुलांची पुडी काढली आणि आपल्या शेजारच्या जागेवर ठेवली. बाई उभ्याच राहिल्या.

"इथे कोण बसतंय?"

काकांनी तोंड उघडलं. 'समुद्र' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाच होता. पण म्हातारा चिनी नावाडी आधी हसला. "अंकल, टुडे टिश्यू नो नीड लाह! आँटी कम ऑलरेडी." मग बाईंकडे वळून म्हणाला, "थ्री इयर्स, एव्हरी वेन्सडे, सेम सेम. टेन पीपल, वन अंकल, वन टिश्यू. आय आस्क हिम, हू सिट हिअर? ही से, माय वाइफ. कमिंग, कमिंग."

आम्हा सगळ्यांना तीन वर्षं समुद्राची थाप, आणि खरं काय ते फक्त त्या नावाड्याला ठाऊक! बाईंनी पुडी उचलली. कडा मऊ पडलेल्या, वर हळदीकुंकवाचा डाग. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, मांडीवर ठेवली आणि त्या जागेवर बसल्या. 

बेटावर एका फणसाच्या झाडाखाली आम्ही टेकलो. बाई पुडीकडे बघत म्हणाल्या, "अहो, लग्न झाल्यावर आपण नरसोबाच्या वाडीला जायचो, तेव्हा एसटी स्टँडात शिरली की तुम्ही धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचात. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? पण इथे बघ, धावावं लागत नाही. पुडी ठेवली की माणूस निवांत..."

"तेच म्हणतेय मी," बाई हळूच म्हणाल्या. "पुडी ठेवून तुम्ही निवांत हिंडलात. मीही बावीस वर्षं तुमच्यासाठी रुमाल टाकून बसलेय, सांगलीला. पण रुमालाचं तसं नसतं हो. रुमाल टाकला की माणसाला धावत यावं लागतं."

  काका झाऱ्याची रिबीन सोडत बसले. ती सुटली, तेव्हा त्यांनी झारा बाईंच्या कापडी पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "हा सांगलीच्या स्वयंपाकघरात चालेल ना गं?"

दिवाळीच्या आत ते धावत गेले. फोनवर कळतं, की हल्ली बुधवारी सकाळी सांगलीत कृष्णेच्या घाटावर एक गृहस्थ दहा माणसं घेऊन हिंडतात आणि गणपतीच्या देवळामागच्या पिंपळाला मेडिकल लीव्ह कशी मिळते ते सांगतात. मागून मोठ्या बाई चालतात आणि विचारतात, "अर्ज कोण लिहितं?"

परवा माझे आईवडील पुन्हा आले होते. हौसेने चार घरची मंडळी जमवून मी उबिनला निघालो. धक्क्यावर मोजलं तर आम्ही अकरा. तोच म्हातारा नावाडी. त्याने धक्क्याकडे नजर टाकली आणि विचारलं, "अंकल नॉट कमिंग?" मी नकारार्थी मान हलवली. खिशात टिश्यूची पुडी होती, ती बाराव्या जागेवर ठेवली. त्याने इंजिन सुरू केलं.

शेजारी बसलेल्या माझ्या आईने पदर सावरला आणि त्या रिकाम्या जागेला नमस्कार केला. तिला अजून वाटतं, ती जागा समुद्राची आहे.