रक्त न देणारा चहावाला

बालीगंजमधल्या आमच्या क्लबच्या रक्तदान शिबिरात माइक माझ्या हाती, म्हणजे नाटकच! रक्तदात्यांना दूध-केळी वाटणारा कोपऱ्यावरचा चहावाला स्वतः मात्र कधीच रक्त देत नसे. मी गरजायचो, "मिशा वाघाच्या, काळीज उंदराचं!" मंडप हसायचा, तोही मिशी पिळत हसायचा.

गेल्या वर्षी मी त्याला खाटेपर्यंत ओढतच नेलं. तो कानाशी पुटपुटला, "दादा, मला एचआयव्ही आहे. भित्र्याची मुलगी लोक सून करून घेतात, माझी नाही घेणार. मला भित्राच राहू द्या."

माझा हात आपोआप सुटला. ते त्याने पाहिलं.

यंदा मी गप्प राहिलो, तर लोक विचारू लागले, "आज याला सूट का?" त्याने दुरूनच मला हात जोडले. मी मान खाली घालून त्याची टिंगल केली. त्याचा जीव भांड्यात पडला.