उंच गाडीची पायरी

दुष्काळात पाण्याच्या टँकरांनी आमच्या वस्तीचा रस्ता पार खणून काढला. दूध संस्थेची फोर-व्हील जीप मीच चालवायचो. तिचं पोट चाकोरीत घासायचं, म्हणून मोठी टायरं बसवायला पाटोद्याला गेलतो. बायको संगं होती. दर आठवड्याला तिला त्याच जीपमधून बीडच्या दवाखान्यात न्यायचो.

टायरवाला माझ्याच वयाचा, एका डोळ्यानं अधू. चाक बसलं की मला स्टेअरिंग दोन्हीकडं पार वळवायला लावायचा, अन् पत्र्याला कुठं घासतंय ते बोटं घालून बघायचा. काम झालं. निघताना बायकोला जीपमधी चढता येईना. दोनदा पाय उचलला अन् खाली ठेवला.

"गाडीच्या पोटाचं बघितलं, बाईच्या गुडघ्याचं कोण बघणार रं?" तो मला म्हणाला.

त्यानं भंगारातला पाइप कापून दाराखाली पायरी जोडली, आधी स्वतः तिच्यावर उभा राहिला, मग म्हणाला, "चढा आक्का."

ती वारायच्या आधी त्या पायरीवरनं सात-आठ वेळा चढली असंल. आता पायरी दगडाला धडकती. संस्थेचा सचिव म्हणतो, कापून टाक. मी म्हणतो, गाडी हळू घेतो.